पायरीवरचा खोकला

"मास्तर गेले," असं त्यांच्या भाचीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी पुण्यात मुलीच्या गॅलरीतले वाळलेले कपडे काढत होतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "किती वाजता?" तिला वाटलं असेल, हा म्हातारा रेल्वेतला, याला मरणाचीही वेळ हवी. ती म्हणाली, "चारच्या सुमारास, काका." मी तिथंच खाली बसलो. चार वाजता मी त्यांच्या पायरीवर असायला हवा होतो... आणि मी आठ दिवसांसाठी पुण्याला आलो होतो.

याकोब मास्तर सिंदी रेल्वे नावाच्या गावी स्टेशन मास्तर होते आणि मी, गौतम, त्यांच्या हाताखाली पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा. निवृत्तीनंतर दोघांनीही सिंदी मेघेत शेजारी शेजारी घरं घेतली. त्यांची बायको आधीच गेली होती, माझी नंतर गेली. मी बुद्धवंदना करणारा, ते येशूचे, पण एकमेकांची टिंगल करायचा आम्हाला परवाना होता. एकदा मी विचारलं, "मास्तर, तुमच्या देवाले वऱ्हाडी समजते का?" ते म्हणाले, "माह्यासंगं साठ वर्सं राह्यला, शिकला असन." रोज दुपारी ते दाराला आतून कडी लावून गुडघ्यांवर प्रार्थना करत. चारला माझा चहा त्यांच्याकडे. मी बाहेर पायरीवर बसून राही. कडी निघे, आतून आवाज येई, "लाइन क्लियर!" आणि मी आत जाई. पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लियर मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे पस्तीस वर्षं ज्याच्या हाडात मुरलं, त्याला यात काही वावगं वाटत नाही. तोच घोटाळा झाला.

एका उन्हाळ्यात चार वाजून गेले तरी कडी निघाली नाही. मला वाटलं, आज मागणं लांबलं. विडी सुटली पण खोकला सुटला नाही, तो मधून मधून येत होता. साडेचार झाले. समोरच्या शोभाताई म्हणाल्या, "काका, काऊन बसून राह्यले? हाक मारा ना." मी ऐटीत सांगितलं, "मास्तर प्रार्थनेत हायेत." पाचच्या आसपास आतून फरशीवर काहीतरी घासल्यासारखा आवाज आला, तेव्हा कुठे मी उठलो. शोभाताईंनी आणि मी मिळून दाराला धक्के देऊन आतली कडी उखडली. मास्तर पलंगाशेजारी पडलेले, तोंड वाकडं, डावी बाजू लुळी, डोळे मात्र उघडे. सावंगीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर कदाचित हातही वाचला असता.

पायरीवर बसून घालवलेला तो तास मी कोणालाच सांगितला नाही. दवाखान्यात त्यांना पेज भरवायचो आणि मनात जळत राहायचो. स्वतःवरचा राग माणूस दुसऱ्यावर काढतो, तसा एक दिवस मी त्यांच्या देवावर काढला. म्हणालो, "तो तर आतच होता ना, मग त्यानं कडी काऊन नाई काढली?" मास्तर जड जिभेनं एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मले... नाई माहीत. विचारून राह्यलो त्याले." प्रार्थना त्यांनी एक दिवसही चुकवली नाही. गुडघे टेकता येत नव्हते, म्हणून पलंगावर पडून करत.

सहा महिन्यांनी त्यांच्या चर्चमध्ये पाळकांनी त्यांना साक्षीसाठी उभं केलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्या मंडळीसमोर सांगायचं. मी शेवटच्या बाकावर घामाघूम. मास्तर काठीवर रेलून म्हणाले, "मी पडलो. आवाज निंघे ना. लय भेव वाटलं, आता असाच एकटा मरतो म्हणून... मंग पायरीवर गौतम खोकला. मी म्हटलं, प्रभू, तू मले एकटं नाई ठेवलं. जितक्या बार तो खोकला, तितक्या बार मले बळ आलं."

मंडळी "आमेन" म्हणाली. मी बाहेर येऊन निंबाखाली ढसाढसा रडलो. ते आले तेव्हा सांगून टाकलं, "मास्तर, मी मूर्खासारखा बसून होतो. तुमचा हात माह्यामुळं गेला." ते म्हणाले, "माहीत हाये मले. हेही खरं अन् तेही खरं. चाल, च्या थंडा होते."

त्यानंतर दाराला कडी लागलीच नाही. "आत येजो सरळ," असं ते रोज बजावत. पण सवय कुठे सुटते? मी पायरीवर बसून आधी खोकायचो, ते हसत आतून हाक मारायचे.

मी पुण्याला होतो त्या दिवशी शोभाताई डबा द्यायला गेल्या तर दार उघडंच होतं आणि मास्तर खुर्चीत गेलेले. चेहरा शांत होता, असं त्या सांगतात. असेल. पण त्यांनी पायरीकडे कान दिला असेल का, आणि तिकडून काहीच आलं नाही तेव्हा त्यांना काय वाटलं असेल... हे मला कोण सांगणार? त्यांचा देव होता सोबतीला, असं भाची म्हणते. असावा, अशी माझी फार इच्छा आहे.

आता दाराला भाचीचं कुलूप आहे. मी चारला जाऊन बसतो. आत कोणी नाही हे मला कळतं, वेड लागलेलं नाही. तरी उठायच्या आधी एकदा मोठ्यानं खोकतो.