वारा सांगणाऱ्या वहिनी

विमानतळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सरकते जिने येतात. इथे एकच जिना होता, लोखंडी, सोळा पायऱ्यांचा. तो चढून गेलं की वहिनींची काचेची खोली. खाली उपाहारगृह, पलीकडे विमानं ठेवायचे दोन हँगर आणि समोर नऊशे मीटरची एकुलती एक धावपट्टी. मोठी विमानं इकडे फिरकतही नसत. यायची ती दोघा-चौघांची, पिकांवर फवारणी करणारी, शिकाऊ, आणि गावातल्या डॉक्टरांचं स्वतःचं, ज्याला ते कुटुंबातल्या माणसांपेक्षा जास्त पुसत.

वहिनींचे यजमान खालच्या हँगरमध्ये मेकॅनिक, म्हणून त्या सगळ्या विमानतळाच्या वहिनी. बावीस वर्षं त्या वायरलेसवर बसत होत्या. येणाऱ्या वैमानिकाला वारा सांगायचा, आणखी कोण हवेत आहे ते सांगायचं आणि गप्प बसायचं. 'उतरा' म्हणायचं नाही, 'उतरू नका'ही म्हणायचं नाही. तो अधिकार मोठ्या विमानतळांवरच्या मनोऱ्यातल्यांना. एकदा वादळ येताना त्यांच्या तोंडून 'अहो, नका ना येऊ' निसटलं होतं. वैमानिक ऐकून परत फिरला, सुखरूप राहिला, तरी व्यवस्थापकांनी त्यांना समोर बसवून समज दिली. "वहिनी, अहं, हुकूम देणाऱ्यावर, अहं, जबाबदारी येते. पुन्हा झालं तर ही खुर्ची, अहं, दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." हे अहं-अहं यजमान घरी हुबेहूब काढून दाखवत. वहिनी पोट धरून हसत, पण ती समज त्यांच्या मनात घर करून बसली होती.

वहिनींची नणंद निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे तिला बाईच म्हणत, सख्खा भाऊसुद्धा. जन्मभर इतरांच्या चुकांवर लाल शाई ओतून झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईंनी विमान शिकायला घेतलं. तीस वर्षांत त्यांनी वहिनींचा एक शब्द ऐकला असेल तर शपथ. वहिनींनी खिडकी उघडली की बाईंना वारा लागे, आणि वहिनींनी ती लावली की त्यांचा जीव गुदमरे.

बाईंच्या पहिल्या एकट्या उड्डाणाचा दिवस निवांत उजाडला. शिकवणाऱ्या सरांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय होती. "घाई नाही, बाई, घाई नाही," असं म्हणत ते धावपट्टीच्या पार टोकाला विमानातून उतरले आणि हातातला छोटा वायरलेस घेऊन गवतात उभे राहिले. साडेतीन वाजता बाई उडाल्या. एक फेरी मारून उतरायचं, एवढंच.

फेरी निम्मी झाली आणि वारा फिरला. तो उजवीकडून, आडवा सुटला. वहिनींच्या समोरचा वाऱ्याच्या वेगाचा काटा सहावरून सोळावर गेला. बाई खाली आल्या तेव्हा विमान खेकड्यासारखं तिरकं चालत होतं. धावपट्टीला चाकं लागायच्या आत त्यांनी यंत्राचा जोर वाढवला आणि त्या पुन्हा वर गेल्या. इथवर सगळं शिकवल्याप्रमाणे होतं. आता सर बोलतील म्हणून वहिनी थांबल्या, तर सर काही बोलेनात. काचेतून पाहिलं तर ते हातातला वायरलेस तळव्यावर आपटत होते. मग तो खिशात कोंबून ते खोलीच्या दिशेने पळत सुटले. त्यांच्या वजनाच्या माणसाला नऊशे मीटर म्हणजे परदेश.

वायरलेसवर बाईंचा आवाज आला. तो मुख्याध्यापिकेचा नव्हता.

"वहिनी, मी काय करू? तू सांग, मी तसंच करते."

तीस वर्षं ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते, ते असं आलं. वहिनींनी बटण दाबलं आणि सोडलं. खुर्ची गेली तर गेली, इथवर त्यांची तयारी झाली होती. पण सांगायचं काय? वाऱ्यातलं त्यांना सगळं कळत होतं, विमान चालवण्यातलं काहीही नाही. आपण 'ये' म्हणायचं आणि ती यायची, कारण आज ती खरंच ऐकणार होती.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "बाई, टाकीत इंधन किती?"

"पाऊण टाकी."

"पाऊण टाकीत हे विमान अडीच तास उडतं. आत्ता तीन चाळीस झालेत. सूर्यास्त सहा पन्नासला. हवेत दुसरं कुणी नाही."

बाई म्हणाल्या, "म्हणजे वेळ आहे."

"ही माहिती आहे," वहिनी म्हणाल्या. "वारा उजवीकडून पंधरा. दर दोन-तीन मिनिटांनी तो सातवर येतो आणि मिनिटभर राहतो. आत्तापर्यंत तीनदा आला."

मग वहिनी काटा वाचत राहिल्या. पंधरा. सोळा. चौदा. बाई वर गोल फिरत राहिल्या. तेवढ्यात सर सोळा पायऱ्या चढून दारात आले. वहिनींनी माईक त्यांच्यापुढे धरला. सरांनी तोंड उघडलं, पण आतून नुसती शिट्टी निघाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली, दोनदा, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

बाई आपणहून धावपट्टीच्या रेषेत आल्या. तेरा, वहिनी वाचत होत्या. अकरा. नऊ. सात. सात. सात. विमान एकदा टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं आणि धावत जाऊन थांबलं.

थांबलं ते थांबलंच, धावपट्टीच्या बरोबर मध्यावर. बाई आत बसून होत्या. वायरलेसवर कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं. बटणावरचं बोट काढायचं भान त्यांना नव्हतं. अखेर ते सुटलं आणि लगेच दुसरा आवाज आत शिरला. डॉक्टर येत होते.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांचं विमान तुमच्या मागे तीन मैलांवर आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या.

"आता अडीच मैलांवर."

विमान हललं आणि सावकाश बाजूच्या वाटेला लागलं. वहिनींनी डॉक्टरांना वारा सांगितला.