लंगडणाऱ्याकडे बघायचं नाही

माझ्या नणंदेला आमच्या घरात सगळे दुर्बीण म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं. माझ्या हातचा पहिला चहा पिण्याआधी तिने कपाचा वास घेतला होता. मला वाटलं, हिच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आहे. पुढे कळलं की ती कुणाच्याही हातचं आधी हुंगते, स्वतःच्या आईच्या हातचंसुद्धा. पण तोवर मी तिच्यावर डूख धरला होता, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

ती प्राणिसंग्रहालयात कामाला आहे. हरणांचा सगळा विभाग तिच्याकडे. सकाळी आवार झाडायचं, पाण्याची टाकी घासायची, चारा टाकायचा, आणि आदल्या दिवशी कुणी काय उरवलं, कुणाच्या लेंड्या कशा पडल्या, ते वाकून वाकून बघायचं. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, असं ती बरोबर जेवायला बसल्यावर सांगते. रानातलं जनावर आपलं दुखणं दाखवत नाही. कळपात जे अशक्त दिसेल त्याच्यावर आधी झडप पडते, म्हणून अंगात ताप असला तरी कुणी समोर आलं की हरीण ताठ उभं राहतं. दुर्बीण त्यांच्याकडे कधी सरळ बघतच नाही. त्यांच्याकडे पाठ करून गाजरं चिरत बसते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते. कुणी बघत नाहीये अशी खात्री पटली की आजारी हरीण मान खाली टाकतं.

अशा नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर माणसाचं जे होतं ते तिचं झालंय. तिचा जगात कुणावर विश्वास नाही. एकदा माझा नवरा घरी उशिरा आला आणि ऑफिसात काम होतं म्हणाला. दुर्बीण आमच्याकडेच बसली होती.

"दादा, खार बघितलीयेस कधी? कुणी टपून बसलंय असं वाटलं की ती खड्डा खणते, बी पुरल्यासारखं करते, वर माती लोटते, आणि बी तोंडात तसंच धरून दुसरीकडे पळते. खिशात काय आहे तुझ्या?"

खिशात चॉकलेटचा कागद निघाला. डॉक्टरांनी त्याला गोड बंद केलंय. त्या दिवशी मला ती थोडी आवडली, नाही असं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझे सासरे शिंपी. दुकान कधीच बंद केलं, पण मशीन अजून घरात खिडकीशी आहे. सासूबाई आयुष्यभर त्यांच्या दुकानाची काजं-बटणं करत आल्या. शर्ट त्यांनी शिवायचा, बटण यांनी लावायचं, असा त्यांचा संसार. दोघं पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात आणि जिना चांगलाच उभा आहे. आमच्याकडे मुलं बाहेरच्या खोलीत झोपतात, दुर्बिणीचं क्वार्टर म्हणजे एकच खोली. त्यामुळे माझ्या नवऱ्याने केव्हाच सांगून ठेवलं होतं की म्हाताऱ्यांना झेपेनासं झालं की ते घर बंद करायचं, बाबांना आमच्याकडे आणायचं आणि आईला दुर्बिणीकडे पाठवायचं. तो दुष्ट नाही. तो हिशेबी आहे. एका घरात दोघं मावत नाहीत, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. सासऱ्यांनी ते ऐकलं आणि "बरं" म्हणाले.

त्यानंतर त्यांचा पाय दुखायला लागला.

सुरुवातीला मला काही वाटलं नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असते, रोज लंगडणारी माणसं बघते. चोळायला मलम नेऊन दिलं. पण दुर्बिणीच्या मनात पाल चुकचुकली. एका रविवारी आम्ही त्यांच्या घरून निघालो तर जिना उतरता उतरता ती थांबली.

"वहिनी, मागच्या रविवारी कुठला पाय होता?"

"उजवा."

"आज?"

मी आठवून पाहिलं. आज डावा होता.

मग तिने मलमाची ट्यूब तपासली. सील तसंच. तिने शेजारच्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, काका तर रोज सकाळी दूध घेऊन दोन-दोन पायऱ्या चढतात. दुर्बिणीला इतकं पुरे होतं. आता ती सासऱ्यांच्या प्रत्येक शब्दात ढोंग शोधायला लागली, आणि सापडायलाही लागलं. दूध उतू गेलं, कारण "ही माझा पाय चोळत होती." गॅस चालू राहिला, कारण "माझ्याच पायाच्या नादात राहिला." सासूबाई हल्ली बाजारात जात नाहीत, कारण "मला एकट्याला सोडवत नाही तिला." आणि आम्ही निघायला उठलो, किंवा सासूबाईंशी बोलायला आत वळलो, की "आई गं" करून सासरे खुर्ची धरणार. आम्ही सगळे तिकडे धावणार.

"एका जातीच्या हरणात असा नर असतो," दुर्बीण म्हणाली. "मादी त्याची हद्द सोडून निघाली की तो एकदम कान टवकारतो आणि वाघ-सिंह दिसल्यासारखा फुरफुरतो. सिंह-बिंह काही नसतो. मादी बिचारी घाबरून थांबते. बाबांचं तेच चाललंय. लेकरांनी भोवती बसावं म्हणून."

मला ते पटलं. मलाही म्हाताऱ्या माणसांचा तसा थोडा संशय असतोच. पण आमच्या दोघींचा एकमेकींवरही होता. तिला वाटत होतं, सासरे माझ्या घरी यायला नकोत म्हणून मी तिच्या हो ला हो करतेय. मला वाटत होतं, आईला ठेवायचं टळावं म्हणून ही पाय खोटा ठरवतेय. तिने फोनवर दादाला सांगून टाकलं, बाबांचा पाय खोटा आहे. तो म्हणाला, खरा असेल तर त्यांना जिना झेपत नाही, आणि खोटा असेल तर डोकं ठिकाणावर नाही, दोन्ही बाजूंनी घर बंदच करायला हवं. रविवारी जाऊन सामान बांधायचं ठरलं.

शनिवारी दुपारची सुट्टी घेऊन मी तिच्या कामावर गेले. तिला समोरासमोर विचारायचं होतं की तुझी खात्री आहे ना, कारण उद्यापासून सासरे माझ्या घरात येणार होते आणि माझी मुलं गॅलरीत झोपणार होती.

ती हरणांच्या आवारामागे बारीक खडी पसरलेल्या मोकळ्या जागेत उभी होती. मी तावातावाने तिच्या दिशेने चालले आणि इतक्यात पायाशी काहीतरी फडफडलं. टिटवीच्या गोतातला एक लहानसा पक्षी, मुठीएवढा, गळ्यात काळा पट्टा. एक पंख लुळा पडलेला, शेपूट पसरलेली, खडीवर घसटत चाललाय आणि केविलवाणं ओरडतोय. माझं भांडण गेलं कुठच्या कुठे. मी पर्स खाली ठेवली आणि त्याला उचलायला वाकले. तो जरा पुढे सरकला. मी पुढे गेले. तो आणखी पुढे. हात पोचणार एवढ्यात पुन्हा थोडा पुढे. अशी मी त्याच्यामागे कुंपणापर्यंत गेले असेन. तिथे तो झटकन दोन्ही पंखांनी उडाला आणि ठणठणीत निघून गेला.

दुर्बीण पोट धरून हसत होती.

"शिकलेली बाई, आणि एवढ्याशा पाखराने फिरवली. आम्ही त्याला लंगड्या म्हणतो. त्याला काही झालेलं नाही. त्याची अंडी आहेत खडीत, तू जिथून चालत आलीस ना, तिथेच. खडीसारखीच दिसतात. एक पाऊल इकडे पडलं असतं तर फुटली असती. कोल्हा येऊ दे, कुत्रा येऊ दे, माणूस येऊ दे, हा लंगडत त्याला लांब घेऊन जातो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगते. लंगडणाऱ्याकडे बघायचं नाही. त्याने जिकडून तुला बाजूला आणलं, तिकडे..."

आणि ती बोलायची थांबली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण ती आता हसत नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "मी जनावर चुकीचं धरलं."

मला काही कळेना. ती तोवर चालायला लागली होती. रिक्षात ती एकच वाक्य बोलली. "दूध आईचं उतू गेलं. गॅस आईचा राहिला. आपण पाय बघत बसलो."

दार सासऱ्यांनी उघडलं. अवेळी आम्हाला पाहून ते दचकले आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी मांडी धरली. आज उजवी होती. "अगं, बरं झालं आलात. जरा गॅलरीपर्यंत हात दे गं, फार कळ आलीय." ते लंगडत गॅलरीकडे निघाले आणि जाता जाता मागे बघत होते, कुणी येतंय ना. मी त्यांच्याबरोबर गेले. मघाशी पाखरामागे गेले होते तशीच, फक्त या वेळी मला माहीत होतं.

दुर्बीण गेली नाही. आईकडेही तिने पाहिलं नाही. मोरीवर जाऊन पाठमोरी कप विसळत उभी राहिली, हरणांसमोर राहते तशी.

सासूबाई खिडकीशी मशीनजवळ बसल्या होत्या. मांडीवर सासऱ्यांचा शर्ट, हातात सुई. चेहरा अगदी प्रसन्न. "जेवून आलात ना?" त्यांनी विचारलं. दुर्बीण "हो" म्हणाली. त्यांनी बटणाला दोरा गुंडाळला, गाठ मारली, दाताने तोडला. "जेवून आलात ना?" पुन्हा "हो." मग त्यांनी शर्टाची दुसरी पट्टी पुढे ओढली. शर्टाच्या एका पट्टीवर बटणांची रांग आधीच होती. समोरच्या पट्टीवर, जिथे काजं होती, तिथे काजांवरच त्या दुसरी रांग लावत होत्या. टाके एकसारखे होते, आयुष्यभर घातले तसे.

गॅलरीच्या दारातून मला ते दिसलं. सासऱ्यांना कळलं की मला दिसलं.

"बाबा," दुर्बीण मोरीवरून, मागे न वळता म्हणाली, "लंगडू नका आता."

सासरे सरळ उभे राहिले. मग आत आले, बायकोच्या शेजारी स्टुलावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "हातात सुई असली की ती शांत असते. ती बटणं लावते. तिचा डोळा लागला की मी उसवतो. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट परत देतो. आमचं चाललंय बरं." मग दुर्बिणीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला एका घरी आणि मला एका घरी नेलंत, तर उसवणार कोण?"

दुर्बीण रडली. तिला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं की पाहिलं तर मजा येईल. मजा आली नाही. सासूबाई तेवढ्या मजेत होत्या. "हिला काय झालं?" असं त्यांनी मलाच विचारलं.

तोंड धुऊन दुर्बीण बाहेर आली तेव्हा पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. "मी इथे राहायला येते," ती म्हणाली. "क्वार्टर सोडते. सकाळी बाबा आहेत, संध्याकाळी मी. डॉक्टरांकडे मी नेईन आईला." मग डोळे बारीक करून माझ्याकडे वळली. "आणि वहिनी, तू दादाला काय सांगणार आहेस?"

एवढं सगळं होऊनही तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. मला राग आला, आणि तिचं चुकत नव्हतं हेही मला ठाऊक होतं. घर बंद झालं असतं तर त्याची सगळ्यात मोठी तक्रार मीच केली असती, पण घर बंद करू नका असं तोंड उघडून मी एकदाही म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा टीव्हीसमोर बसला होता. चपला काढायच्या आत त्याने विचारलं, "काय निघालं मग? पाय खरा की खोटा?"

हे किती दिवस लपेल, मला माहीत नाही. पाखरू पिल्लं उडेपर्यंत लंगडतं, मग त्याला मोकळं होता येतं. इथे तसं काही होणार नाही, उलट दिवसेंदिवस जास्तच लंगडावं लागेल. पण त्या वेळी मला फक्त ती दुसरी रांग दिसत होती आणि स्टुलावर बसलेला शिंपी.

"खरा," मी म्हटलं. "फार दुखतो. जिना उतरायचं नाव नाही, त्यांना हलवून चालायचंच नाही. दुर्बीण तिथे राहायला जातेय, पायासाठी."

त्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. शेवटी भाऊ तो तिचाच.

"कुठला पाय?"

हे सासऱ्यांशी ठरवून घ्यायचं मी विसरले होते.

"दोन्ही," मी म्हटलं.