शेऱ्याची जागा

माझी मावशी सृष्टीच्या आरंभी हजर असती, तर तिने ब्रह्मदेवाला आधी नोंद करायला लावली असती आणि मगच पुढचा प्राणी घडवू दिला असता. पुण्यातल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात नोंदी ठेवणं ही तिची नोकरी, पण घरीही दुसरं काही चालत नसे. लोणच्याच्या बरणीवर क्रमांक असे आणि खाली कैऱ्या कुणाच्या झाडाच्या, तेही. माझं लग्न ठरलं आणि मी नवऱ्याला तिच्या कर्वेनगरच्या घरी नेलं, तेव्हा चष्मा सारखा करून तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "स्थिती उत्तम. पुढून किंचित विरळ. आहे तसाच ठेव, डागडुजी करायला जाऊ नकोस."

हा नवरा संगणकवाला. तेव्हा गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते, संग्रहालयातही एक संगणक आला आणि नोंदी त्यात भरायचं काम मावशीने हक्काने जावयाच्या गळ्यात घातलं. त्याने वस्तूचं नाव, धातू, माप, देणगीदार असे रकाने केले आणि शेऱ्याला एकच ओळ ठेवली.

"जावईबापू, तुमची चौकशी आम्ही एका ओळीत आटोपली होती का?"

"मावशी, महत्त्वाचं सगळं आलंय की."

"दिसतं ते आलंय. ते कपाटातही दिसतंच. दिसत नाही ते कुठे लिहू?"

त्यानंतर त्याच्या चहातली साखर गेली. ती शेऱ्याला हवी तेवढी जागा मिळाल्यावरच परत आली.

पुढे एकदा खडकीचे एक निवृत्त गृहस्थ आले. आईने फार पूर्वी इथे अडकित्ता दिला होता, तो बघायचा होता. अडकित्ते कपाटभर! नवऱ्याने त्यांच्या आईचं नाव टाकलं, तर क्षणात नोंद समोर. मावशीने शेरा वाचला, "देणाऱ्या बाई म्हणाल्या, माझा हात लहान, म्हणून ह्यांनी मूठ आखूड करवून आणला. बोलले काही नाहीत. पानाच्या डब्यात ठेवून गेले."

गृहस्थ पडद्याकडे वाकले. मग म्हणाले, "वडील आईशी कधी धड बोललेले मी पाहिले नाहीत हो. आम्हाला वाटायचं, पटतच नाही त्यांचं. पुन्हा एकदा वाचता?"

मावशीने पुन्हा वाचलं, सावकाश. नवऱ्याने कपाटातून काढून ठेवलेला अडकित्ता त्यांनी हातात घेतला. आखूड मुठीत त्यांची बोटं काही मावेनात, तसे ते लहान मुलासारखे हसले आणि तो गालाशी धरून बसले.

वस्तूला कुणी नुसतं बोट लावलं तरी अंगावर धावून जाणारी मावशी त्या वेळी खिडकीबाहेर बघत होती. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवण निघाली की मला ती तशीच दिसते, पाठमोरी, काहीच न पाहिल्यासारखी उभी.