कढतमावशीची परात

कढतमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारायची पाळी कधी कुणावर आली नाही. थंडी पडली की संध्याकाळी तिच्या शेगडीवर मोठं पातेलं चढायचं, वाफाळतं पाणी पितळी परातीत ओतलं जायचं आणि गल्लीतली फुटक्या हातांची माणसं एकेक करून तिच्या स्वयंपाकघरात शिरायची. कुणी जरा कुरकुरलं की मावशी कडाडायची, "कढत हवं, कढत! कोमट पाण्याने कधी कुणाचं भलं झालंय?" झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिची रीत ठरलेली. आधी मीठ घातलेल्या कढत पाण्यात हात बुडवायचे, सोसेल तितका वेळ. मग खरखरीत टॉवेलने खसाखसा पुसायचे. मग तिचं मलम: मेण, तिळाचं तेल, कापूर आणि वरून पिळलेलं लिंबू. ते भेगेत शिरलं की माणूस जागच्या जागी नाचायचा. "झोंबतंय ना? म्हणजे लागू पडतंय," मावशी म्हणायची. पण खरी गंमत मलमात नव्हतीच. दिवसभर गारठ्यात राबून आलेला माणूस त्या पाण्यात हात घालायचा, डोळे मिटायचा आणि "आई गं" म्हणून असा काही सुस्कारा सोडायचा की बस्स! तो सुस्कारा ऐकला की मावशीला जेवल्यासारखं वाटायचं. आणि हात पाण्यात अडकले की माणसाची जीभ मोकळी सुटते. कुणाची सून रुसून माहेरी गेली ते पोस्टमन सांगायचा, कुणाच्या डोक्यावर किती केस शिल्लक आहेत ते न्हावी सांगायचा, आणि भाजीवाली त्या दोघांच्या नकला करायची. आठवडा उलटला की हात पुन्हा फुटायचे, माणसं पुन्हा यायची. थंडीच मेली वाईट, यावर सगळ्यांचं एकमत होतं. परातीवर संशय घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

ही विद्या तिला नवऱ्याकडून मिळालेली. उमेदीच्या वर्षांत मावशी दूध डेअरीत बाटल्या धुवायची. गार पाणी, धुण्याचा सोडा आणि समोर बाटल्यांचा डोंगर. हिवाळ्यात बोटांतून रक्त यायचं. नवरा तिथेच बॉयलरवर. घुम्या माणूस. गोड शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही, पण सुटी झाली की बॉयलरचं कढत पाणी डब्यात भरून घरी आणायचा, परातीत ओतायचा आणि म्हणायचा, "घाल हात." संसारात तिचा लाड झाला तो एवढाच. पुढे तो गेला, डेअरी बंद पडली, मुलगा नोकरीसाठी लांब गेला. मुलगा फोन करतो, नाही असं नाही, "जेवलीस का?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणतो. उन्हाळ्यात मावशीच्या दाराकडे कुत्रं फिरकत नाही. म्हणून सगळी गल्ली थंडीच्या नावाने बोटं मोडायची, तेव्हा ही बाई मनातल्या मनात थंडीची वाट बघायची. वर्षातले तेवढेच काय ते तिचे दिवस.

अशात समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक निवृत्त नर्सबाई राहायला आल्या.

पहिला गारठा पडला, मावशीने पातेलं चढवलं, आणि न्हावी आला नाही. दुकानात गर्दी असेल, ती म्हणाली. मग पोस्टमनही आला नाही. मावशी खिडकीशी जाऊन बघते तर काय, पोस्टमन समोरच्या जिन्याने खाली उतरतोय आणि वरून नर्सबाई त्याला काहीतरी बजावताहेत! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा पोस्टमन! त्याच्या अंगठ्याची भेग कुठून निघते आणि कुठे जाते हे त्याच्या बायकोला ठाऊक नसेल, पण मावशीला ठाऊक होतं. आणि तो असा परक्या जिन्याने उतरतो म्हणजे काय?

तो विजेचं बिल द्यायला आला तेव्हा तिने बिल घ्यायच्या मिषाने त्याचा हातच धरला. अंगठा गुळगुळीत. भेग कुठे होती ते शोधावं लागत होतं.

"कुठलं मलम दिलं रे तिने?"

"मलम कसलं, मावशी! कोमट पाण्याने हात धुवायचे, चोळायचे नाहीत, नुसते टिपून घ्यायचे. ओलसर असतानाच तेल लावायचं, आपलं साधं खोबरेल. झोपताना जुने सुती मोजे हातात चढवायचे. संपलं."

"मग रोज जात असशील आता तिच्याकडे."

"छे हो! एकदाच गेलो होतो," असं म्हणून तो सायकलवर टांग मारून गेलासुद्धा.

कोमट! सगळ्या शब्दांत नेमका तोच शब्द. मावशी दिवसभर स्वतःशीच धुसफुसत राहिली. नव्याचे नऊ दिवस, येतील झक मारत, असं म्हणून तिने मलमात मध घातला. परातीबरोबर चहा सुरू केला, चहाबरोबर बिस्किटं. तेवढ्याने भागेना तेव्हा पाण्याच्या नळावर हळूच सोडून दिलं, "दवाखान्यात जन्म गेलाय तिचा. कुणाकुणाचे रोग घेऊन फिरत असेल, देव जाणे." बायकांनी माना डोलावल्या आणि कळशा उचलून गेल्या. न्हाव्याने दुकानातूनच हात हलवून दाखवला. तो हातही लांबूनच मऊ दिसत होता. मेल्याने मुद्दाम दाखवला, असं मावशीला वाटलं.

भाजीवाली तेवढी यायची. ती न चुकता आली की मावशी समोरच्या खिडकीकडे बघून मुद्दाम मोठ्याने हसायची.

शेवटी एक दिवस मावशीला राहवेना. शत्रूची तयारी बघून तरी यावी म्हणून चांगला स्वेटर घालून ती भरदुपारी समोरचा जिना चढली. दारात चपलांचा ढीग असेल अशी तिची खात्री होती. तिथे एकही चप्पल नव्हती. तिने कडी वाजवली, तर दुसऱ्यांदा वाजवायच्या आत दार उघडलं.

"या, या, बसा ना!" नर्सबाईंनी खिडकीशी असलेली खुर्ची ओढून आणली. घरात ती एकच खुर्ची होती. मावशीचे हात त्यांनी उजेडात धरले, उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, सगळ्यांना औषध देता आणि तुमचेच हात असे?"

मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "थंडी आहे. थंडीत हात फुटायचेच."

"थंडीने फुटतात, मान्य. पण कढत पाण्याने जास्त फुटतात. तेलकट भांडं कढत पाण्याने कसं लख्ख निघतं? तसंच हातांचं होतं. कातडीतलं उरलंसुरलं तेल निघून जातं. वर तुम्ही लिंबू लावता, कापूर लावता..."

"मीठपण घालते," मावशी फणकारली.

"कमाल आहे!"

"म्हणजे माझा नवरा मूर्ख होता काय?"

नवरा मध्येच कुठून आला, ते बिचाऱ्या नर्सबाईंना कळेना. मावशी उठलीच. जाता जाता मात्र तिने मनात सलत होतं ते विचारून घेतलं, "तुमच्याकडे रांग लागत असेल ना हो?"

"रांग कसली? आलेलं माणूस बरं होतं. बरं झालेलं माणूस परत कशाला येईल?" नर्सबाईंनी खुर्ची पुन्हा खिडकीशी नेऊन ठेवली.

मावशी जिना उतरली ती जवळजवळ नाचतच. हिच्याकडेही कुणी येत नाही! कित्येक दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

पण मत्सर एवढ्यावर पोट भरणाऱ्यातला नसतो. आता तिला त्या बाईला खोटं पाडायचं होतं. तिने ठरवलं, डावा हात नर्सबाईचा, उजवा आपला. होऊन जाऊ दे. डावा कोमट पाण्याने धुवायचा, टिपायचा, तेल लावायचं, झोपताना मोजा चढवायचा. उजवा परातीत, मीठ-लिंबासकट. रोज सकाळी ती दोन्ही हात खिडकीशी धरून बघायची. डाव्याच्या भेगा आधी मिटल्या, मग बुजल्या, मग कातडी अशी मऊ झाली की तरुणपणीही तशी नव्हती. उजवा होता तसाच रक्ताळलेला. "फितूर मेला!" मावशीने आपल्याच डाव्या हाताला शिवी हासडली आणि तो स्वेटरच्या खिशात कोंबला. त्या दिवसापासून चार माणसांत तो हात खिशातून बाहेर निघाला नाही.

त्याच संध्याकाळी भाजीवाली आली ती रडवेली होऊन. पहाटे पालेभाज्यांच्या जुड्या गार पाण्यात बुडवून मांडायच्या, त्यात या थंडीने तिच्या बोटांची चाळण झालेली. "मावशी, आज एका बाईने माझ्या हातातला कोबी घेतलाच नाही गं. पानावर रक्ताचं बोट उमटलं होतं. शेजारच्याकडे गेली. तिच्यामागून आणखी दोघी गेल्या."

मावशी डावा हात खिशात ठेवून उजव्या हाताने पातेलं कलंडवत होती. 'कोमट घे गं पोरी,' एवढेच शब्द. अगदी जिभेवर आले होते. पण सांगितलं तर हीसुद्धा बरी होईल, आणि मग? मावशीने पाणी ओतलं. भाजीवालीने हात बुडवले, डोळे मिटले, "आई गं" म्हणाली. त्या दिवशी तो सुस्कारा मावशीला गोड लागला नाही. पण दुसऱ्या दिवशीही तिने सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मग एका संध्याकाळी भाजीवाली आलीच नाही. पातेल्यातलं पाणी दोनदा तापवून झालं. मावशी खिडकीशी गेली. समोर नर्सबाईंच्या खोलीत दिवा लागला होता आणि खिडकीत भाजीवालीचा लाल स्कार्फ दिसत होता.

झालं! मावशीचं डोकं फिरलं. पोस्टमन नेलास, न्हावी नेलास, ही एक उरली होती तीही नेलीस? तिने गॅस बंद केला, तशीच अनवाणी रस्ता ओलांडला आणि जिना चढली. दार अर्धवट उघडं होतं. आत पाऊल टाकणार तोच नर्सबाईंचा चढलेला आवाज आला.

"तुला थंडी सुरू झाली तेव्हाच सांगितलं होतं ना? मग हे काय करून घेतलंस? घरी करत नाहीस वाटतं काही."

"करते हो, सगळं तुम्ही सांगितलं तसंच करते. पण संध्याकाळी मावशीकडे जाते ना."

"आणि तिथे जाऊन पुन्हा कढत पाण्यात हात घालतेस? जाणूनबुजून?"

"मग काय करू?" भाजीवाली म्हणाली. "ते दोघं यायचे बंद झाले. मीपण नाही गेले तर ती पातेलं कुणासाठी चढवणार? पण आता नाही हो सोसवत. टोपली धरवत नाही. म्हणून आज इकडे आले. तिला नका सांगू, जीवाला लावून घेईल."

मावशी जिन्यात उभीच राहिली. आधी राग आला. दया! माझ्यावर दया करत होती ही एवढीशी पोर! मग खिशातला हात तिला जाणवला, आणि लाजेने कानशिलं तापली. तिने दार ढकललं.

दोघी दचकल्या. मावशीने डावा हात खिशातून काढला आणि भाजीवालीपुढे टेबलावर ठेवला.

"बघ. बरा झालाय. हिनं सांगितलं तसंच केलं होतं. मला ठाऊक होतं."

भाजीवालीने तो हात पाहिला, मग आपली बोटं पाहिली. "कधीपासून?"

"कोबीच्या दिवसापासून."

"आणि तरी ओतत होतीस?"

"सांगितलं असतं तर तू बरी झाली असतीस," मावशी म्हणाली. "मग कशाला आली असतीस माझ्याकडे?"

"मी काय पाण्यासाठी येत होते?" भाजीवाली किंचाळलीच. "जीव जात होता माझा त्या पाण्यात! 'आई गं' म्हणत होते ते दुखतंय म्हणून! तुझ्यासाठी येत होते मी, आणि तू..." तिने डोळे पुसायला हात वर नेला, खारट पाणी भेगेत गेलं आणि ती कळवळली. मावशीने पुढे होऊन स्वेटरच्या बाहीने तिचे डोळे पुसले. भाजीवालीने तोंड फिरवलं, पण पुसू दिलं.

"उद्या ये," मावशी म्हणाली. "परात मांडणार नाही. नुसती ये."

"बघेन," भाजीवाली म्हणाली.

नर्सबाई तेलाची बाटली हातात घेऊन खिडकीशी उभ्या होत्या आणि त्या दोघींकडे बघत होत्या. ती नजर मावशीने ताबडतोब ओळखली. सबंध हिवाळाभर ती स्वतः तशाच नजरेने समोर बघत आली होती.

"उद्या तुम्हीपण या," ती गुरकावली. "पण उपदेश घरी ठेवून या."