पंधरावी पायरी

आमच्या सरांना गवंडी लोक 'टेपवाले' म्हणतात. एखादे वेळी खिशात रुमाल नसेल, पण मोजायची टेप असतेच. डॉक्टरकडे नंबर लावून बसले की तेवढ्यात बाकाची उंची मोजतात, कुणाकडे जेवायला गेले की दाराची रुंदी. त्यांच्या बायकोने त्यांच्याबरोबर लोकांकडे जाणं केव्हाच सोडून दिलंय.

एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडे ड्रॉइंग काढते. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या, दोन टेबलं आणि येतील ती कामं: घरं, दवाखाने, एखादं वाचनालय. मोठ्या ऑफिसात चूक कुणाची हे शोधायला बैठक बसते. आमच्याकडे मान वर केली की चूक करणारा समोर दिसतो. काम हातावेगळं झालं की बाकीचे मोकळे होतात, सरांचा घोर तिथून सुरू होतो. लोक राहायला गेले की हे काहीतरी निमित्त काढून तिथे जाणार, नळ सोडून बघणार, खिडक्या उघडझाप करणार आणि परत येऊन मला सांगणार, "सगळं ठीक आहे." चेहरा मात्र असा, की कुणीतरी दवाखान्यात असावं. मी कितीदा तरी म्हटलंय, "सर, आपण घर बांधतो, लेक सासरी पाठवत नाही." ते हसत नाहीत.

घड्याळवाल्या काकांचं घर म्हणजे आमच्या हातून झालेलं सगळ्यात मनापासूनचं काम. काकांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि साठीनंतर त्यांची नजर जाऊ लागली. आम्ही भेटलो तेव्हा उजेड कुठून येतो एवढंच त्यांना कळायचं. काकू निवृत्त शिक्षिका. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "यांना हात धरून नेलेलं अजिबात आवडत नाही. तेव्हा घर असं बांधा की कुणी हात धरायची वेळच येऊ नये."

सरांनी ते फारच मनावर घेतलं. जिन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत सलग कठडा, कुठे कोपरा टोकदार नाही, सगळी दारं एकाच बाजूला उघडणारी. जिना पंधरा पायऱ्यांचा, प्रत्येक पायरी सतरा सेंटीमीटर, केसाचाही फरक नाही. मग ऐनवेळी काकूंनी वरच्या मजल्यावर पातळ फरशीऐवजी जाड, खरखरीत दगड घालायचं ठरवलं, म्हणजे वर पोचलो हे काकांच्या पायाला कळेल. कल्पना चांगली होती. सर फोनवर हो म्हणाले. मी फरशीच्या यादीत बदल केला. जिन्याच्या ड्रॉइंगला हात लावायचं मला सुचलं नाही आणि सरांनी त्याच्यावर सही केली. जिना जुन्याच मापाने झाला, वर जाड दगड बसला, आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा तीन सेंटीमीटर उंच राहिली.

ती सापडली सरांच्या टेपलाच, काका-काकू राहायला गेल्यावर दोन आठवड्यांनी. तिथल्या तिथे सांगून टाकायचं असं ठरवून ते खाली उतरले, तर काका खुर्चीतून म्हणाले, "साहेब, या घरात मला डोळे लागत नाहीत." सरांचं तोंड उघडेना.

मग चार महिने आमच्या दोन खोल्यांत त्या पायरीने ठाण मांडलं. दर सोमवारी सर म्हणायचे, "या आठवड्यात सांगतो." फोन वाजला की आधी माझ्याकडे बघायचे. चूक माझ्या हातची होती, आणि "सर, मी सांगते" एवढे तीन शब्द माझ्याही तोंडून निघाले नाहीत. लोकांवर तिरकं बोलायला मी पुढे असते, हे इथे नमूद केलेलं बरं.

एक दिवस काकूंचाच फोन आला. "आम्ही आठवडाभर मुलीकडे चाललोय. यांच्या काही तपासण्या करून घ्यायच्यात. किल्ली ठेवून जाते, स्वयंपाकघरातलं ते कपाट घासतंय, तेवढं बघून घ्या."

सर दहा वर्षांनी तरुण झाले. कपाट बाजूलाच राहिलं. दुसऱ्या दिवशी गवंडी लागले. पायऱ्यांवरचे दगड एकेक करून काढले आणि ते तीन सेंटीमीटर पंधरा पायऱ्यांत वाटून दिले, प्रत्येकीला दोन मिलिमीटर. डोळ्याला दिसणार नाही, पायाला कळणार नाही. पाच दिवसांत काम झालं, सहाव्या दिवशी मी स्वतः फडक्याने जिना पुसला. "आता कुणाला काही सांगायला नको," सर म्हणाले. मलाही अगदी हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सातव्या दिवशी चार वाजता काका-काकू येणार होते. साडेतीनला सर शेवटची खात्री करायला जिन्याशी आले. कठड्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोजत चढायला लागले. मी खाली उभी होते. चौदापर्यंत सगळं सरळ. पंधराव्याला त्यांनी पाय उंच उचलला आणि तो धाडकन खाली आदळला. तोल जाता जाता त्यांनी कठडा पकडला.

ते तिथेच बसले.

"मी इथे महिन्यातून दोनदा येतो," मग म्हणाले, "तरी माझ्या पायाने ती पायरी पाठ केलीय. काका दिवसातून दहा वेळा चढतात."

जी चूक लपवायला एवढा खटाटोप केला, ती निदान काकांच्या ओळखीची तरी होती. आता तिथे आम्ही नवीच चूक करून ठेवली होती, आणि तिच्यावर ते अर्ध्या तासाने पाय ठेवणार होते.

टॅक्सी आली. काका काठी दाराशी ठेवून सवयीने सरळ जिन्याकडे वळले.

"काका, थांबा," सर म्हणाले. "चढू नका. शेवटची पायरी उंच होती, पहिल्या दिवसापासून. माझी चूक. तुम्ही नव्हता तेव्हा मी ती गुपचूप दुरुस्त केली."

"चूक माझी," मी म्हटलं. "ड्रॉइंग माझं होतं." चार महिन्यांनी सुचलं.

काका कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. "किती उंच होती?"

"तीन सेंटीमीटर."

"म्हणजे माझा पाय चुकत नव्हता?"

"नाही."

"वरच्या पायरीलाच पाय जास्त उचलावा लागायचा. मला वाटलं, डोळ्यांनंतर आता पाय," काका म्हणाले.

काकूंच्या हातात तपासण्यांची जाडजूड फाइल होती. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "आठवडाभर यांच्या पायांत सुया टोचत होते. पाठीच्या कण्याचे फोटो काढले. काही सापडत नाही म्हणून हे जास्तच घाबरले. तुम्ही एक फोन केला असता ना, एकच." सर हातातल्या टेपकडे बघत राहिले.

काका चढू लागले. एक, दोन, तीन, तोंडाने मोजत. चौदाव्या पायरीवर थांबले.

"आता किती उचलू?"

"बाकीच्यांइतकाच," सर खालून म्हणाले. "अगदी तेवढाच, काका."

काका तसेच उभे राहिले. पाय थोडा उचलला, परत खाली ठेवला. मग कठड्यावरचा हात तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात मागे केला आणि कुणीतरी धरेल म्हणून वाट बघत थांबले.

काकूंनी फाइल माझ्या हातात दिली, वर गेल्या आणि तो हात धरला.