भाचीच्या गालावर माझा दगड

भाचीच्या लग्नाला नऊ दिवस उरले असताना मी तिला रोज सकाळी दगडाने तोंड घासायला सांगितलं. जोर लावून घास, असंही सांगितलं.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे. दुकानदारावर, मोबाईलमधल्या गुळगुळीत बायांवर, आणि लातूरच्या झाडून सगळ्या आत्या-मावश्यांवर. तेव्हा वाचणाऱ्याने मध्येच विचारू नये, की मग तुम्ही स्वतः काय करत होता? मी दगड आणून देत होतो.

मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. घर्षणाने उष्णता निर्माण होते, हा धडा मी वर्षानुवर्षं दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवत शिकवत आलोय. पण तो धडा तळहातापुरताच आहे, गालाला लागू नाही, असा माझा समज कसा झाला, हे मला अजून कळलेलं नाही.

मुळात मामाचं काम काय असतं? आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं. बस्स, एवढंच. पण त्यामुळे अंतरपाटाच्या आमच्या बाजूचे जेवढे म्हणून फोटो निघतात, त्या प्रत्येकात नवरीच्या खांद्यावर मामाचं तोंड उगवलेलं असतं. थोरल्या भाचीच्या लग्नात माझं असं उगवलं होतं. डोळ्यांखाली पिशव्या, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, घरात पाहुणा टेकला की तो अल्बम काढतात, माझ्या तोंडावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "हे आमचे मेव्हणे. रडून सुजले न्हाईत बरं का, बारमाही असेच हायत."

तर आता धाकटीचं लग्न ठरलं आणि मी ठरवलं, की या अल्बममध्ये आपण दाजींच्या बोटाखाली सापडायचं नाही.

मोबाईलवर एक बाई रोज दिसायची. हातात हिरवट दगड, आंब्याच्या फोडीएवढा, एका बाजूला खाच असलेला. तो ती हनुवटीपासून कानापर्यंत अलगद ओढायची. त्याला गुआ शा म्हणतात. तिच्या जबड्याची कड अशी, की तिने कागद कापावा. ती कड तिला जन्मापासून असणार, दगड हातात नंतर आला असणार, एवढा साधा तर्क विज्ञानाच्या मास्तराला करता येऊ नये? नाही आला.

नांदेडच्या वजीराबादेतल्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मॅडमसाठी का सर?"

"हाव," मी खोटं बोललो.

"बिनघोर न्या. चायनाची जुनी विद्या हाय. चरबी वितळती, रंग उजळतो, सुरकुती तर बिलकुल राहत न्हाई."

"कसा वापरायचा?"

"घासायचा की सर. दगडाचं काय शिकवायचंय?"

मला राग येतो तो इथे. त्या माणसाने चरबी सांगितली, रंग सांगितला, चीन सांगितला. तेल लावून, हलक्या हाताने, फोड असतील तिथे नाही, आणि रोज धुऊन, एवढी चार वाक्यं त्याला सांगता आली नाहीत. ती डब्यातल्या कागदावर छापलेली होती म्हणे. मुंगीच्या अक्षरात. तो कागद मी कपाटाचं दार हलतं म्हणून घडी करून फटीत खुपसला होता.

मी दोन दगड घेतले. एक मला, एक भाचीला. तिचा एका सहकाऱ्याच्या हाती लातूरला पाठवला.

आता खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी दगडाने गुण दिला. डोक्याला खोबरेल चोपडलं होतं, ते कपाळावरून ओघळून गालावर आलेलं, आणि नवी वस्तू म्हणून माझा हातही भीतभीत चालत होता. दहा मिनिटांनी आरशात बघितलं तर डोळ्यांखालच्या पिशव्या उतरलेल्या. रोज पोरांवर ओरडून आवळलेला जबडा सैल पडलेला. इतकं बरं वाटलं, की मी गुणगुणायला लागलो. दुपारपर्यंत पिशव्या परत जागेवर आल्या, ती गोष्ट वेगळी. पण सकाळ चांगली गेली. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो.

पण हलक्या हाताने एवढं, तर जोराने किती? आपण माणसं कशी आहोत बघा. भांडं घासल्याशिवाय निघत नाही, टाच वजरीने खरवडल्याशिवाय मऊ होत नाही, दिवाळीत उटणं लावताना अंगाची साल निघाल्याशिवाय आंघोळ झाली असं कुणी मानत नाही. अलगद केलेल्या गोष्टीवर आपला विश्वासच नाही. दुसऱ्या दिवशी मी तेल बंद केलं, कारण तेलाने दगड निसटत होता, आणि टाचेवर वजरी चालवावी तसा गालावर चालवला. तिसऱ्या दिवशी हनुवटीची कड जांभळी झाली.

बायको म्हणाली, "अहो, शाळेत मारामाऱ्या करून राहिले काय?"

"रक्त खेळायलंय," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी भाचीचा फोन आला. शिकलेली, नोकरी करणारी, शहाणी पोरगी. तिने शहाण्यासारखं विचारलंसुद्धा. "मामा, दगड भेटला. पण माझ्या गालाला फोड आहेत तीन-चार. चालेल का?"

हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. तिने विचारलं होतं. आणि मी काय म्हणालो? "अगं, घासल्यानं फोडाचं तोंड मोकळं होतं. आतली घाण निघून जाते. जोर लाव, भिऊ नको." हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. वर्गात एखाद्या पोराने अवघड काही विचारलं, की माझ्या तोंडात उत्तर आपोआप तयार होतं, तसं ते झालं. फरक एवढाच, की पोरं माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. भाचीने ठेवला.

तीन दिवसांनी बहिणीचा फोन आला. "अरं, काय करून ठिवलास रं माझ्या लेकराचं! तोंड बघवंना. सहा दिवसांवर लग्न आलंय, अन् ती दार लावून बसलीय. म्हणती, पाहुण्यांना सांगा, तारीख पुढं ढकला."

मी मिळेल ती एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर, प्रत्येक थांब्यावर नवा माणूस शेजारी बसायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा आणि जरा सरकून बसायचा. कंडक्टरने तिकीट फाडताना सहानुभूतीने विचारलं, "घरचं हाय का भाईरचं?" मी म्हणालो, स्वतःचंच आहे. तो पुढच्या सीटकडे सरकला.

भाचीने दार उघडलं. डावा गाल लालभडक, चार फोडांचे अकरा झालेले, दोन फुटून चिघळलेले. माझ्याकडे बघून ती रडायची थांबली. "मामा, तुमचंबी?" म्हणाली, आणि परत रडायला लागली.

तिला घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी गाल बघितला आणि विचारलं, "दगड ठेवायचीस कुठं?"

"न्हाणीत. कट्ट्यावर."

"धुवायचीस?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

डॉक्टरीणबाई आवाज न चढवता बोलत होत्या, ते जास्त लागत होतं. तेल किंवा क्रीम लावून हलक्या हाताने ओढला तर दगड वाईट नाही, सूज थोडा वेळ उतरते, बरं वाटतं. तो मालीश आहे, त्याने चरबी वितळत नाही की रंग बदलत नाही. पण फोडांवरून कोरडा फिरवला, की एका फोडाची घाण गालभर पसरते. "आता तोंडाला काही लावायचं नाही. मी देते ते मलम, बाकी काही नाही. हळदसुद्धा नाही. ऐकलंत तर लग्नापर्यंत पुष्कळ बसेल." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्हाला गोळ्या कसल्या चालू आहेत?"

"रक्त पातळ करायची एक."

"ती घेऊन तुम्ही तोंडावर दगड घासलात?"

मी पेशंट नाही, नुसता सोबत आलोय, असं म्हणायचं मनात आलं होतं. हनुवटीवर रुमाल धरला.

आता खरी तकलीफ सुरू झाली. लग्नघर भरत चाललेलं, आणि मुरुडहून, उदगीरहून येणारी प्रत्येक बाई भाचीची हनुवटी धरून, तोंड उजेडाकडे वळवून एक औषध सांगायची. लिंबू पिळा. टूथपेस्ट लावा. मुलतानी माती थापा. एकीने तर बटाट्याची साल पदरात बांधूनच आणली होती. मी दारात स्टूल टाकून बसलो. "तोंडाला काही लावायचं नाही!" दिवसभर हेच. संताप संताप व्हायचा. डॉक्टर शिकून येतात, तपासतात, लिहून देतात, आणि ही माणसं गंजगोलाईच्या बाजारात भाजी निवडावी तसा पोरीचा गाल चाचपून बघतात! ज्याला काही माहीत नाही त्याने एवढ्या खात्रीने सांगावं कसं? हे मी एका मावशीला तोंडावर विचारलं. ती माझ्या जांभळ्या हनुवटीकडे बघत राहिली. मला माझा प्रश्न परत घ्यावा लागला.

हळदीच्या दिवशी तर रणच पेटलं. भाचीची आत्या, दाजींची थोरली बहीण, हळदीची वाटी घेऊन पुढे आली. मी मध्ये उभा राहिलो.

"पायाला लावा, हाताला लावा, खांद्याला लावा. गालाला नाही."

"हळद न लागलेली नवरी असती का कुठं? सरका मास्तर."

"डॉक्टरनं नाही म्हटलंय."

"दगड लावताना डॉक्टरला इचारलं हुतं का?"

मांडवात हशा पिकला. पण मी सरकलो नाही. एकदा सरकलो असतो तर पंधरा हात त्या गालावर पडले असते, आणि पाच दिवसांचं मलम धुऊन गेलं असतं. शेवटी बहीणच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वन्सं. पायाला लावा."

आत्याने पायाला लावली. गुडघ्याला, हाताला लावली. मग उरलेल्या वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग ही काय फेकून द्यायची? मामाच्या तोंडाला लावा!"

बायांनी मला धरलं. खरवडलेल्या कातडीवर हळद काय झोंबते, हे ज्याने सोसलं त्यालाच ठाऊक. मी डोळे मिटून, दात आवळून उभा होतो, आणि कुणीतरी खदखदून हसत होतं. डोळे उघडले तर भाची. आठवडाभरात पहिल्यांदा हसली होती. मग म्हटलं, चोळा.

लग्नाच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी गाल बघून हलक्या मेकअपला हो म्हटलं. फोड बसले होते. डाव्या गालावर दोन तांबूस डाग होते, ते झाकले गेले नाहीत, पण ती बाहेर आली तेव्हा ताठ मानेने आली. तारीख पुढे ढकलायचं नाव कुणी काढलं नाही. अंतरपाट धरला. मी मुंडासं बांधून, अजून पिवळ्या तोंडाने, माझ्या जागेवर तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो. अक्षता वाटल्या जात होत्या. मला भरून आलं. वाटलं, पोरीला चार शब्द धीराचे सांगावेत. वाकून तिच्या कानाशी म्हणालो, "ऐक ना, उद्यापासून त्या डागांवर जर..."

भाचीने मान वळवली नाही. पुढे अंतरपाटाकडे बघत, हळू पण पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"मामा, तुम्ही नुसतं उभं ऱ्हावा. सांगू नका, लावू नका, अन् काही आणूनबी देऊ नका."