रॅम्पवरची रांगोळी

वडील एसटीत ड्रायव्हर होते. सिल्लोडच्या गाडीवर ड्यूटी असली की कधीमधी मला सोबत न्यायचे. त्यांच्या सीटशेजारच्या गरम बॉनेटवर गोधडीची घडी टाकून मी बसायची. माझे पाय लहानपणापासूनच अधू. गाडीत तेच चढवायचे, पण आधी दर वेळी विचारायचे, "उचलू का?" मी हो म्हणेपर्यंत हात लावायचे नाहीत.

ते गेल्यावर शहराबाहेर जुन्या गाड्यांचं संग्रहालय निघालं. तिथं त्या काळातली एसटी ठेवलीय असं कळलं. ड्रायव्हरची ती सीट एकदा जवळून बघायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रॅम्प आहे का, हे विचारायला आधी फोन केला. तिथंच माती खाल्ली.

धाकट्या बहिणीबरोबर पोचले, तर माझ्या साध्या चौकशीचा व्यवस्थापकांनी कार्यक्रम करून टाकलेला. रॅम्प होता. त्यावर खालपासून वरपर्यंत रांगोळी, कडेला झेंडूच्या कुंड्या आणि तोंडाशी लाल फीत. उद्घाटनाला आमदार साहेब गंगापूरहून निघाले होते म्हणे. मी रिक्षातून व्हीलचेअरवर बसते न बसते तोच चौघांनी मला खुर्चीसकट उचललं आणि मंडपात नेऊन ठेवलं. अंगावर शाल पडली, मांडीत नारळ आला, कुणाचा तरी हात डोक्यावरून फिरला. शिसारी आली मला. माईकवर माझ्या जिद्दीचं कौतुक चाललं होतं. रिक्षानं आले होते मी, त्यात जिद्द कसली?

"मला बस बघायचीय," मी व्यवस्थापकांना म्हटलं.

"बघू ना ताई. साहेबाला फीत कापू द्या. आता गेलात तर रांगोळी मोडंल. पोरींनी लई मेहनतीनं काढली."

ऊन चढलं. साहेबांचा पत्ता नव्हता. शेवटी नारळ बहिणीकडे दिला आणि चाकं फिरवली. तिनं फीत वर धरली, मी खालून गेले. 'सुस्वागतम्'वरून सरळ वर चढले. हातांना, चाकांना सगळा रंग लागला.

वर एसटी उभी होती. ड्रायव्हरच्या खिडकीवर साहेबांचा फ्लेक्स बांधलेला. वडील बसायचे त्या जागी हा माणूस हात जोडून हसत होता. थुंकावंसं वाटलं.

"दोरी सोड," मी बहिणीला म्हटलं.

"नका ना ताई, साहेब रस्त्यातच हायेत," व्यवस्थापक धावत आले.

तिनं सोडली. फ्लेक्स खाली पडला. तरी माझ्या खुर्चीतून स्टिअरिंगची नुसती वरची कड दिसत होती. सीट नाही. व्यवस्थापकांनी लगेच त्या चौघांना हाक मारली. ते बाह्या सावरत आलेच.

बहिणीनं त्यांना हातानं थांबवलं, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि माझ्याकडे वाकली.

"उचलू का?"

मी मान हलवेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.